वाचकांचे प्रश्न : सुपरमार्केटचा कार्बन-हिशेब कसा वाचावा?

सांगली-मिरज, सातारा आणि कराड परिसरात साखळी दुकाने वाढत गेली, तशा त्यांच्या भिंतींवर हवामानविषयक घोषणांच्या पाट्याही दिसू लागल्या. त्या घोषणांचा अर्थ विचारणाऱ्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी घेतली आहेत. काही पत्रलेखकांनी दुकानांची नावे कळवली होती. ती वगळली आहेत, कारण विचारलेली गोष्ट एका दुकानापुरती नाही.

प्रश्न : घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेत उभे राहिले की समोर पाटी दिसते : ‘२०४० पर्यंत आम्ही निव्वळ शून्य होणार.’ तेथील व्यवस्थापकांना अर्थ विचारला, तेव्हा दिवे बदलले आहेत आणि छपरावर सौरपट्ट्या बसवल्या आहेत, एवढेच त्यांनी सांगितले. तेवढ्याने शून्य होते का?
— एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : होत नाही. निव्वळ शून्य म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन जवळजवळ संपवणे आणि जे थोडे उरेल तेवढे हवेतून शोषून घेणे. व्यवस्थापकांनी सांगितलेली दोन्ही कामे चांगली आहेत आणि ती व्हायलाच हवीत. परंतु सुपरमार्केटच्या एकूण उत्सर्जनात त्यांचा वाटा फार लहान असतो. हे समजण्यासाठी हिशेबाची मांडणी थोडी पाहावी लागेल.

कंपन्यांनी आपले उत्सर्जन कसे मोजावे, याचे जगभर वापरले जाणारे नियम ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ या नावाने ओळखले जातात. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोन संस्थांनी ते तयार केले आणि त्यांची पहिली आवृत्ती २००१ मध्ये निघाली. या नियमांनुसार उत्सर्जनाच्या तीन कक्षा पडतात. कंपनीच्या स्वतःच्या जागेत किंवा वाहनांत जे जळते किंवा गळते, म्हणजे जनरेटरचे डिझेल, मालवाहू गाडीचे इंधन आणि शीतयंत्रांतील वायू, ते पहिल्या कक्षेत येते. विकत घेतलेल्या विजेपायी वीजकेंद्रात जो धूर होतो तो दुसऱ्या कक्षेत. उरलेले सारे तिसऱ्या कक्षेत जाते, आणि त्या एका कक्षेचे नियमांनी पंधरा प्रकार पाडले आहेत, यावरूनच तिचा पसारा लक्षात यावा.

आता आपल्या पिशवीत काय असते ते आठवावे. तांदूळ असतो, तो पिकतो त्या खाचरात साचलेल्या पाण्याखाली मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो. दूध असते; रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातही मिथेनच तयार होतो, आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार किलोभर दुधामागे जागतिक सरासरीने सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. साखर, तेल, साबण, बिस्किटे, या सर्वांमागे खत, इंधन आणि कारखान्याची वाफ असते. यातील काहीही दुकानाच्या भिंतींच्या आत घडत नाही. त्यामुळे मोठ्या किराणा साखळ्यांच्या हिशेबात नव्वद टक्क्यांहून अधिक उत्सर्जन साधारणपणे तिसऱ्या कक्षेतच सापडते. दिवे आणि सौरपट्ट्या यांचा संबंध फक्त दुसऱ्या कक्षेशी आहे.

म्हणून पाटीवर ‘आम्ही’ असे लिहिले असेल, तर त्या ‘आम्ही’मध्ये किती कक्षा धरल्या आहेत हे आधी विचारावे. ब्रिटनमधील टेस्को या साखळीने स्वतःच्या कामकाजासाठी २०३५ आणि संपूर्ण पुरवठा साखळीसाठी २०५० अशी दोन वेगळी वर्षे जाहीर केली आहेत. अमेरिकेतील वॉलमार्टचे २०४० हे वर्ष केवळ स्वतःच्या कामकाजापुरते आहे. पुरवठादारांसाठी तिने २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट गिगाटन’ नावाचा निराळा उपक्रम सुरू केला, ज्यात २०३० पर्यंत एक अब्ज टन उत्सर्जन टाळण्याचे ठरले होते. याच वॉलमार्टने २०२४ च्या अखेरीस असेही जाहीर केले, की २०२५ आणि २०३० साठी ठरवलेली स्वतःच्या कामकाजातील कपात वेळेत साधण्याची शक्यता कमी आहे. एवढ्या मोठ्या कंपनीने मुदत टळण्याआधीच हे सांगितले, याचे मला मोल वाटते. २०४० चे वर्ष पाटीवर लिहिणे सोपे असते, कारण तेव्हाचे उत्तर आजच्या अधिकाऱ्यांना द्यावे लागणार नाही. २०२८ किंवा २०३० साठी काय ठरवले आहे, हा प्रश्न त्यांना आजच लागू होतो. आपण पुन्हा त्या दुकानात जाल, तेव्हा व्यवस्थापकांना तो जरूर विचारावा, आणि त्यांना ठाऊक नसल्यास मुख्य कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवण्याची विनंती करावी.

प्रश्न : कोयनेचे पाणी आणि वांकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या आमच्या डोळ्यांसमोर आहेत. असे असताना सातारा जिल्ह्यातील दुकानाने वापरलेली वीज कोळशाची का धरली जाते?
— एक वाचक, पाटण

उत्तर : ती निव्वळ कोळशाची धरली जात नाही, देशाच्या संपूर्ण वीजजाळ्याची सरासरी धरली जाते. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, परंतु आपल्या तालुक्यात साठलेले ते पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पलीकडे पोफळीच्या बाजूला उतरते, तेथे वीज होते आणि ती राज्याच्या जाळ्यात मिसळते. संध्याकाळी मागणी एकदम वाढते, तेव्हा ती उचलून धरण्यासाठी कोयनेचा विशेष उपयोग होतो. तारेतून साताऱ्यातील दुकानात पोहोचलेले युनिट कोयनेच्या पाण्याचे की चंद्रपूरच्या कोळशाचे, हे कोणालाही वेगळे काढता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी देशाच्या जाळ्याची सरासरी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत ती युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे.

पवनचक्क्यांची गोष्ट याहून थोडी नाजूक आहे. त्या विजेचे करार आधीच कोणाशी तरी झालेले असतात, आणि ‘ही वीज स्वच्छ आहे’ असे म्हणण्याचा हक्क त्या खरेदीदाराकडे गेलेला असतो. चक्की आपल्या डोंगरावर फिरते म्हणून आपणही तोच हक्क सांगितला, तर एकाच युनिटची दोनदा नोंद होईल.

दुकानाला खरोखर स्वच्छ वीज हवी असेल, तर मार्ग आहेत : छपरावर स्वतः निर्माण करणे, पवन किंवा सौर प्रकल्पाशी थेट करार करणे, किंवा जादा दर भरून महावितरणकडून हरित वीज घेणे. आपल्याकडे एक किलोवॅटची सौरपट्टी दिवसाला सरासरी चार युनिटे देते असे धरले, तर १०० किलोवॅटचे छप्पर वर्षाकाठी सुमारे १ लाख ४६ हजार युनिटे देईल आणि शंभर टनांच्या आसपास उत्सर्जन टाळेल. दुसऱ्या कक्षेचा आकडा मात्र दोन रीतींनी मांडण्याचे मार्गदर्शन २०१५ पासून लागू आहे. एक रीत जाळ्याच्या सरासरीची, दुसरी कंपनीने केलेल्या करारांची. अहवालात केवळ दुसरी रीत दिसली, तर पहिलीचा आकडाही मागावा. विजेचा प्रत्यक्ष वापर घटला की केवळ स्वच्छ विजेच्या हक्काचे कागद विकत घेतले, हे त्या दोन आकड्यांतील अंतरावरून समजते.

प्रश्न : मी शीतयंत्र दुरुस्तीचे काम करतो. मोठ्या दुकानांचे डीप फ्रीझर आणि थंड कपाटे यांत गॅस भरण्यासाठी मला वरचेवर बोलावणे येते. गळती शोधायला वेळ लागतो म्हणून ‘सध्या नुसता गॅस भरा’ असे सांगितले जाते. या गॅसचा हवामानाशी संबंध आहे, असे ऐकले. किती आहे?
— एक कारागीर, मिरज

उत्तर : फार मोठा आहे, आणि आलेल्या सर्व पत्रांत मला आपले पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले. सुपरमार्केटच्या स्वतःच्या भिंतींच्या आत जे उत्सर्जन होते, त्यात विजेच्या खालोखाल आणि कित्येकदा तिच्या बरोबरीने या वायूचा वाटा असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते.

थंड कपाटांत बराच काळ वापरात असलेला आर-४०४ए हा वायू घ्या. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीच्या चौथ्या अहवालातील आकड्यांनुसार शंभर वर्षांच्या मुदतीत त्याचा एक किलो ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. समजा, एका दुकानात वर्षभरात आपण असा दहा किलो गॅस भरला. बंद यंत्रणेत गॅस खर्च होत नसतो; जितका भरावा लागला, तितका कुठून तरी निसटला, असाच त्याचा अर्थ. म्हणजे त्या दुकानाने सुमारे ३९ टन उत्सर्जन केले. जाळ्यातील सुमारे ५५ हजार युनिटे विजेमागे जेवढे उत्सर्जन होते, तेवढे हे आहे. महिन्याला दीडशे युनिटे वापरणाऱ्या तीस घरांचा वर्षाचा वापर त्यात भागतो. दुकानातील सगळे दिवे बदलून जे मिळवले, ते एका सैल जोडातून निघून जाऊ शकते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तेथील सरासरी सुपरमार्केटमध्ये यंत्रणेतील सुमारे २५ टक्के वायू दर वर्षी गळतो. आपल्याकडील दुकानांत थंड मालाचा भाग तेथल्यापेक्षा लहान असतो, आणि कारखान्यातच बंद करून आणलेली सुटी कपाटे अधिक असतात, त्यामुळे त्यांच्यातील वायूही कमी असतो. परंतु दूध, दही, पनीर आणि गोठवलेले पदार्थ यांची विक्री वाढते आहे, आणि तिच्याबरोबर कपाटेही वाढणार आहेत.

पर्याय आहेत. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या जेमतेम तिप्पट आहे, पण तो पेटणारा असल्यामुळे लहान कपाटांत, मर्यादित प्रमाणात वापरला जातो. युरोपात मोठ्या दुकानांनी कार्बन डायऑक्साइडच शीतक म्हणून स्वीकारला आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही, कारण ३१ अंश सेल्सिअसच्या वर त्या वायूचे नेहमीसारखे द्रवात रूपांतर होत नाही, यंत्राला वेगळ्या, अधिक दाबाच्या पद्धतीने चालावे लागते आणि वीज जास्त लागते. सांगली-मिरजेचा एप्रिल आपण जाणताच. त्यासाठी सुधारित यंत्रणा उपलब्ध आहेत, पण त्या महाग आहेत आणि त्यांना आपल्यासारख्या प्रशिक्षित हातांची गरज आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातील किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार आर-४०४ए ज्या गटात येतो त्या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. म्हणजे आज पंधरा-वीस वर्षांसाठी बसवलेले जुन्या वायूचे कपाट उद्या गॅसच्या टंचाईत सापडणार, हे दुकानाच्या हिशेबनीसालाही समजायला हवे.

आणखी एक बारकावा सांगतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणून तो मॉन्ट्रियल कराराखाली येतो; परिणामी तो तीन कक्षांच्या बाहेर, वेगळा दाखवण्याची रीत आहे. पण त्याचाही एक किलो सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. पहिल्या कक्षेचा आकडा लहान दिसला, तर आर-२२ कोठे नोंदवला आहे, हे पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

आता आपल्या हातात काय आहे, ते पाहू. कंपनीच्या मुंबईतील अहवालात जो गळतीचा आकडा छापला जातो, त्याचे मूळ कागद म्हणजे आपल्यासारख्यांची बिले आहेत. ‘गॅस भरला’ एवढेच लिहिलेल्या बिलावरून कोणालाही काही मोजता येत नाही. वायूचा क्रमांक, वजनकाट्यावर मोजलेले किलो, कपाटाचा क्रमांक आणि गळती सापडली की नाही, या चार गोष्टी प्रत्येक बिलावर लिहाव्यात. जुने यंत्र मोडताना त्यातील वायू हवेत सोडू नये. तो रिकाम्या सिलिंडरमध्ये परत भरून घ्यावा आणि त्या कामाचा मोबदला वेगळा लावावा. गळती न शोधता गॅस भरण्याचा आग्रह झाला, तर ‘गळती शोधण्यास दुकानाने नकार दिला’ अशी नोंद त्याच बिलावर करावी. ही नोंद आपल्यालाही उद्या उपयोगी पडेल.

प्रश्न : आमचा बेदाणा एका व्यापाऱ्यामार्फत साखळी दुकानांना जातो. या वर्षी व्यापाऱ्याने चार पानांचा तक्ता दिला : युरिया किती, डिझेल किती, पंपाची वीज किती, शेडवर किती दिवस. भरला नाही तर पुढे माल घेणे कठीण होईल, असेही सांगितले. कंपनीचे उद्दिष्ट आम्ही का पुरे करायचे?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : आपला राग रास्त आहे. पहिल्या उत्तरात सांगितलेली तिसरी कक्षा म्हणजे प्रत्यक्षात आपली बाग, पलूसच्या गोठ्यातील म्हैस आणि वाळव्यातील ऊस. कंपनीने ‘संपूर्ण साखळीचे उत्सर्जन घटवू’ असे जाहीर केले, की त्यातील बहुतेक काम तिला स्वतः करता येत नाही. ते आपल्यासारख्यांकडूनच करून घ्यावे लागते. कपात आपल्या रानात होते आणि ती कंपनीच्या अहवालात दिसते. मग त्या कपातीचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात लिहिलेले असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही तक्ता भरू नका, असे मी म्हणणार नाही, कारण त्यातील पहिल्या रकान्यात आपल्याही फायद्याची गोष्ट दडलेली आहे. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातील साधारण एक टक्का जमिनीतून नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने उडून जातो, असे आंतरसरकारी समितीचे सर्वसाधारण गृहीतक आहे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तीव्र असल्याने एवढ्याशा गळतीचा हिशेब ८९ किलोच्या आसपास जातो. शिवाय युरियातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, तो आणखी ३३ किलो. म्हणजे एका गोणीमागे केवळ रानात सुमारे १२० किलो, आणि खत कारखान्याचा धूर यात धरलेलाच नाही. ठिबकमधून, माती आणि देठ तपासून, विभागून खत देणाऱ्या बागायतदाराच्या गोण्या कमी लागतात. आपण तसे करत असाल, तर तक्त्यात ते ठळकपणे लिहा.

दुसरे, बेदाणा हा मुळातच कमी इंधनात तयार होणारा माल आहे. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरली, की पंधरवड्यात वारा आणि कोरडी हवा त्यांना वाळवतात. भट्टी लागत नाही. विजेचा खरा खर्च नंतर, कोल्ड स्टोअरेजमध्ये येतो. तेथे अमोनियावर चालणारी यंत्रणा असेल, तर वायुगळतीचा हवामानावरील भार जवळजवळ शून्य धरला जातो, ही मिरजेच्या पत्राच्या संदर्भात जमेची बाजू आहे. विजेचा आकडा मात्र शीतगृहाच्या मालकाकडून मागून घ्यावा. तो आपल्या पंपाच्या विजेत मिसळू देऊ नये.

येथे हरिपूरच्या पेवांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सांगलीच्या बाजारातील हळद जमिनीखालच्या त्या पेवांत विजेच्या एकाही युनिटाशिवाय टिकत असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतील बरीच निकामी झाली. हवामान बदलाचा हिशेब मांडताना साठवणुकीच्या अशा जुन्या रीतीची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही, याची मला खंत वाटते. कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हवामानाच्या प्रश्नाचे महत्त्व दुसऱ्या कोणी पटवून द्यायला नको.

तक्ता भरण्यापूर्वी व्यापाऱ्याकडून लेखी घ्यावे, की ही माहिती कोणत्या कंपनीकडे जाणार, आपल्या आकड्यांची प्रत आपल्याला मिळणार की नाही, आणि पुढच्या वर्षी बदल सुचवल्यास ठिबक, सौरपंप किंवा माती परीक्षण यांचा किती खर्च खरेदीदार उचलणार. युरोपला द्राक्षे पाठवणारे बागायतदार फवारणीच्या नोंदी कित्येक वर्षे ठेवत आहेत; त्याच वहीत खत आणि डिझेल यांचे दोन रकाने वाढवले, तर वेगळा खटाटोप करावा लागणार नाही. चार-पाच जणांनी मिळून गट म्हणून उत्तर दिले, तर बोलणीही बरोबरीच्या नात्याने होतील.

प्रश्न : माझे वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. ग्राहक आता महिन्याचा बाजार मोठ्या दुकानातून करतात आणि ‘त्यांचे सगळे पर्यावरणपूरक असते’ असे मलाच ऐकवतात. खरे आहे का?
— एक दुकानदार, विटा

उत्तर : माल कसा आला आणि ग्राहक कसा आला, या दोन्हींवर ते अवलंबून आहे. पुण्याजवळच्या गोदामातून दहा टन माल घेऊन एक ट्रक अडीचशे किलोमीटर आला आणि लिटरला चार किलोमीटर धावला, असे समजू. डिझेल सुमारे ६२ लिटर लागेल. लिटरमागे २.६८ किलो या दराने ते १६७ किलो कार्बन डायऑक्साइड होते, म्हणजे किलोभर मालामागे १७ ग्रॅम. ट्रक रिकामा परतला, तरी ३४ ग्रॅमच्या पुढे जात नाही. वीस किलोच्या महिन्याच्या बाजारामागे हे पाऊण किलोच्या आतच राहते.

तोच बाजार आणण्यासाठी ग्राहक मोटारीने जाऊन-येऊन दहा किलोमीटर गेला आणि गाडीने लिटरला पंधरा किलोमीटर दिले, तर सुमारे दीड किलो उत्सर्जन झाले. संपूर्ण ट्रक-प्रवासातील त्याच्या वाट्याच्या दुप्पट. आपल्या दुकानात येणारा ग्राहक पायी येतो. हा प्रवास कंपनीने स्वतःच्या हिशेबात धरावाच, असे बंधन नाही, म्हणून तो पाटीवरही येत नाही. सुटे धान्य, ग्राहकाने आणलेली पिशवी आणि वातानुकूलन नसणे, हेही आपल्या बाजूचे आहे. मात्र उघड्या झाकणाचा जुना डीप फ्रीझर आपल्याकडेही असेल, तर त्याचे रबर बदलून घ्यावे.

प्रश्न : साखळी दुकान एक लाख झाडे लावणार असल्याची जाहिरात वाचली. त्याने उत्सर्जन भरून निघते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कराड

उत्तर : झाडे लावावीत, पण ती उत्सर्जनातून वजा करू नयेत. कंपन्यांची उद्दिष्टे तपासणाऱ्या ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये निव्वळ शून्याची जी कसोटी जाहीर केली, तिच्यानुसार बहुतेक कंपन्यांनी २०५० पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जन नव्वद टक्के किंवा अधिक घटवायचे आहे, आणि उरलेल्या अल्प भागासाठीच कार्बन शोषून घेण्याचा आधार घ्यायचा आहे. जवळच्या पाच-दहा वर्षांच्या उद्दिष्टात तर अशी वजाबाकी धरलीच जात नाही. शिवाय रोप आज लावले तरी त्याला वाढायला वीस-तीस वर्षे लागतात. माण-खटावच्या माळावर ते तेवढे जगले पाहिजे. कपाटातून गळलेला वायू मात्र त्याच दिवशी हवेत जातो.

प्रश्न : माझ्याकडे एका किराणा साखळीचे थोडे शेअर आहेत. तिच्या उत्सर्जनाचे आकडे कोठे पाहायचे आणि पाहताना काय तपासायचे?
— एक भागधारक, सातारा

उत्तर : कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल आणि बाजारमूल्याने पहिल्या एक हजारांत असेल, तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून तिला ‘बीआरएसआर’ नावाचा, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल द्यावा लागतो. तो वार्षिक अहवालासोबत कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर मिळतो. डी-मार्ट चालवणारी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स ही २०१७ पासून नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळे तिचा अहवाल कोणालाही वाचता येतो. त्यातील सहावे तत्त्व पर्यावरणाचे. वीज, पाणी, कचरा यांबरोबर पहिल्या आणि दुसऱ्या कक्षेचे आकडे तेथे सक्तीने असतात. तिसरी कक्षा ऐच्छिक भागात आहे. ज्या कक्षेत नव्वद टक्के भार आहे तीच ऐच्छिक राहावी, हे मला पटत नाही, आणि भागधारक म्हणून आपण वार्षिक सभेत तिच्याविषयी विचारू शकता.

आकडे वाचताना एका ठिकाणी विशेष सावध राहावे. अहवालात एकूण टन असतात आणि उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागचे प्रमाणही असते. उद्दिष्टे बहुधा दुसऱ्या आकड्यावर बांधली जातात, कारण तो घटवणे सोपे असते. समजा, शंभर दुकाने आहेत आणि प्रत्येकाचे ५०० टन, म्हणजे एकूण ५० हजार टन. दहा वर्षांत दुकाने दोनशे झाली आणि प्रत्येकाचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी उतरून ३५० टन झाले, तर जाहिरातीत ‘३० टक्के कपात’ येईल. हवेत मात्र ७० हजार टन जातील. रुपयामागच्या प्रमाणात तर याहून मोठी फसगत आहे. डाळ आणि तेल महागले की उलाढाल आपोआप फुगते, आणि एकही दिवा न बदलता प्रमाण घटलेले दिसते. म्हणून महागाई वगळून, शक्य असल्यास दुकानाच्या चौरस फुटामागे किंवा विकलेल्या टनामागे आकडा मागावा, आणि त्याच्या शेजारी एकूण टन ठेवून पाहावेत.

वाढत्या साखळीचे एकूण टन काही वर्षे वाढतील, यात वावगे काही नाही; देशाचे निव्वळ शून्याचे वर्षही २०७० आहे. पण ते कोणत्या वर्षापासून उतरू लागतील, हे कंपनीने सांगितले पाहिजे. आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या तुलनेत कपात मोजतात ते, कोणते धरले आहे, तेही पाहावे. २०२०-२१ सारखे टाळेबंदीचे वर्ष धरले असेल, तर तुलना नीट होत नाही. शेवटी, आकडे त्रयस्थाने तपासले आहेत का, याची नोंद शोधावी : सेबीने २०२३-२४ पासून सर्वांत मोठ्या दीडशे कंपन्यांपासून सुरुवात करून ही तपासणी टप्प्याटप्प्याने लागू केली आहे. तपासणी झाली असेल, तर अहवालासोबत तपासनिसाचे पत्र जोडलेले असते, आणि कोणते आकडे तपासले व कोणते वगळले, हे त्या पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात बहुधा लिहिलेले असते. शीतक वायू वगळलेल्यांत असेल, तर मिरजेच्या कारागिराचे पत्र सोबत जोडून कंपनीला विचारावे.